कोणता रंग कातडीत किती खोल जातो? चिमटा, एलईडी आणि सोलकढी घेऊन मोजायची रीत

खोलीत काळोख करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर तर्जनीचं पेर अलगद टेकवा. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, पण बोटातून बाहेर येतो तो लालभडक. पांढऱ्यातला निळा आणि हिरवा वाटेतच कुठेतरी मुरला. "रक्त लाल म्हणून उजेड लाल" असं उत्तर सहसा मिळतं. ते चूक नाही, अर्धं आहे. राहिलेलं अर्धं बोटाला चिमटा लावून मोजता येतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग करायला दोन संध्याकाळी पुरतात. सामान गोव्यात म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळतं, आणि एक जिन्नस स्वयंपाकघरातूनच घ्यायचा आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढायला हवा. लाल प्रकाश मुळातच "जोरदार", म्हणून तो खोल जातो, असं पुष्कळजण धरून चालतात. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटापाशी पाण्याखाली उतरणाऱ्या कुणालाही विचारा. समुद्रात सगळ्यांत आधी लाल नाहीसा होतो. काही मीटर खाली गेलं की लाल कपडा काळपट-करडा दिसू लागतो, निळा मात्र टिकतो. कातडीत बरोबर उलट घडतं. दोन्हीकडे लाल तोच आहे, वेगळं आहे ते अडवणारं. पाणी लाल शोषतं, पण इतकं हळू की त्याचा परिणाम दिसायला मीटर लागतात. कातडीचा हिशेब मिलिमीटरांत चालतो. तेवढ्या अंतरात पाण्याला काही करताच येत नाही, तिथे सत्ता रक्ताची आणि मेलॅनिनची, म्हणजे कातडीला सावळेपणा देणाऱ्या रंगद्रव्याची. त्यामुळे "हा रंग किती खोल जातो" हा प्रश्न एकट्या रंगाचा नसतो, वाटेत कोण बसलं आहे त्याचाही असतो. पुढची सगळी मोजमापं हे लक्षात ठेवूनच करायची.

वाटेत कोण कोण बसलं आहे

प्रकाश कातडीवर पडताच त्यातला साधारण ४ ते ७ टक्के पृष्ठभागावरूनच परत फिरतो. उरलेला बाह्यत्वचेत शिरतो. हा थर अंगावर बहुतेक ठिकाणी ०.१ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, तळहात आणि तळपायावर मात्र चांगला जाड. त्यात मेलॅनिन असतं. मेलॅनिन सगळेच रंग शोषतं, पण अतिनील (जांभळ्याच्या अलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) आणि निळा सर्वांत जास्त, लाल कमी आणि अवरक्त (लालच्या पलीकडचा, तोही न दिसणारा) त्याहून कमी.

त्याखाली अंतस्त्वचा, १ ते ४ मिलिमीटर जाडीची. इथे रक्तवाहिन्या लागतात आणि खरी गाळणी सुरू होते. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीने सांगतात, आणि ती नॅनोमीटरांत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. रक्तातलं हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त शोषतं. प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनची आणखी दोन शिखरं ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरला आहेत, म्हणजे हिरव्या-पिवळ्यात. पुढे मात्र एकदम कडा येतो. ५९० नॅनोमीटरच्या पिवळ्या-केशरी प्रकाशाला हे हिमोग्लोबिन जेवढं शोषतं, त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी ते ६३० नॅनोमीटरच्या लालला शोषतं. डोळ्याला हे दोन रंग शेजारी वाटतात, कातडीच्या लेखी त्यांच्यामध्ये भिंत आहे. सगळ्या प्रयोगात ही भिंत आपल्या हाताने मोजण्यासारखी मौज दुसरी नाही, म्हणून पिवळा एलईडी वगळू नका.

तिसरा अडथळा विखुरण्याचा. अंतस्त्वचेतले कोलॅजनचे तंतू प्रकाशाला शोषत नाहीत, इकडेतिकडे उडवतात. आखूड तरंगलांबीचा निळा जास्त उडतो, लांब तरंगलांबीचा लाल आणि अवरक्त कमी. म्हणून बोटातून टॉर्चच्या बल्बचा आकार कधी दिसत नाही, आणि बोटातल्या हाडाची सावलीही स्पष्ट उमटत नाही. सगळं बोट दिव्याच्या काचेसारखं एकसारखं उजळतं.

अवरक्ताच्याही पुढे, १००० नॅनोमीटरनंतर, पाण्याचं शोषण वाढत जातं आणि वाट पुन्हा बंद होऊ लागते. मधली साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरची फट तेवढी उघडी असते.

आता आकडे. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८१ साली गोऱ्या कातडीसाठी मांडलेला तक्ता आजही वापरला जातो. प्रकाश ज्या खोलीवर मूळच्या ३७ टक्के उरतो, ती खोली त्यात दिली आहे: ३५० नॅनोमीटरला ०.०६ मिलिमीटर, ४५० ला ०.१५, ५०० ला ०.२३, ६०० ला ०.५५, ७०० ला ०.७५, ८०० ला १.२ आणि १००० ला १.६. तक्ता वाचताना एक चूक हमखास होते. ०.१५ मिलिमीटरला निळा "थांबतो" असं नाही. तिथे ३७ टक्के उरतो, पुढच्या ०.१५ ला त्याचे ३७ टक्के, असं चालू राहतं. हिशेब केला तर १ मिलिमीटर खोलीवर ४५० नॅनोमीटरचा निळा साधारण आठशेवा हिस्सा उरतो, आणि ७०० नॅनोमीटरचा लाल चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त. दुसरी चूक म्हणजे हे कातडीचे आकडे संबंध बोटाला लावणं. बोटाच्या आत मेलॅनिन नाही आणि मांस-चरबीचं गणित वेगळं आहे. बोट मोजूनच कळतं.

आधी सोलकढी

कातडीकडे वळण्याआधी पेल्यात तिची नक्कल करून पाहा. पुढचे आकडे मग अर्थासह वाचता येतात. नकलेला दोनच गोष्टी लागतात: एक विखुरणारी, एक शोषणारी. नारळाचा रस विखुरतो, कोकमाचं आगळ, म्हणजे त्याचा दाट अर्क, शोषतं. सोलकढीत दोन्ही आहेत.

सरळ बाजूंचा काचेचा पेला घ्या, त्यात २०० मिलिलिटर पाणी. एका बाजूला लाल एलईडी टेकवा आणि समोरून पाहा. ठिपका स्पष्ट दिसेल. आता दाट गाळणीतून दोनदा गाळलेला नारळाचा पातळ रस चहाच्या चमच्याने एकेक घाला आणि ढवळा. ठिपका पसरत पसरत शेवटी नुसती उजळलेली धूसर जागा उरते. तिथे थांबा. याच द्रवात हिरवा आणि निळा एलईडीही लावून पाहा, तिन्ही रंग पलीकडे येतात. म्हणजे नुसत्या विखुरण्याने कोणताच रंग मरत नाही.

मग आगळ अर्धा अर्धा चमचा घालत जा. हिरवा भराभर मंदावतो आणि लवकरच दिसेनासा होतो, लाल जवळपास तसाच राहतो. इथे एक बारकावा ध्यानात घ्या. विखुरण्यामुळे प्रकाश सरळ न जाता नागमोडी जातो, त्यामुळे त्याची वाट पेल्याच्या रुंदीपेक्षा कितीतरी लांब होते आणि शोषायला जास्त संधी मिळते. नारळाचा रस न घालता तेवढंच आगळ नुसत्या पाण्यात घातलं तर हिरवा इतका मंदावत नाही. शेजारी दुसरा पेला ठेवून हे दाखवा.

आगळ आणि रक्त यांत फरकही आहे. कोकमाचा रंग मुख्यतः हिरवा शोषतो, निळा त्यामानाने कमी. रक्त दोन्ही शोषतं. म्हणून पेल्यात निळा जितका टिकतो तितका बोटात टिकणार नाही.

आता खरा पुरावा. तिसऱ्या पेल्यात फक्त पाणी आणि आगळ घ्या, नारळाचा रस नको. लाल पलीकडे येतो ते पाहा. मग खाण्याचा सोडा चिमूट चिमूट घाला. आगळ आंबट असल्याने फेस येईल, तो बसेपर्यंत थांबा आणि फेस येणं संपेपर्यंत सोडा घालत राहा. द्रवाचा लाल रंग जाऊन जांभळट-करडा होतो आणि लाल एलईडीचा प्रकाश आधीपेक्षा स्पष्ट मंद पडतो. लाल प्रकाश तोच, पेला तोच, आगळही तेवढंच. बदलला तो अडवणारा. हे लगेच पाहून घ्या, कारण सोड्यातला हा रंग टिकत नाही, थोड्या वेळात पिंगट पडतो. नारळाचा रस घातलेला पेलाही तासभर ठेवला तर फुटतो, वर साय आणि खाली पाणी. माप ढवळल्या ढवळल्या घ्यायचं.

चिमटा बांधताना

लागणारं सामान: कपडे वाळत घालायचे मोठे लाकडी चिमटे, ५ मिलिमीटरचे एलईडी (निळा ४६५ ते ४७० नॅनोमीटर, हिरवा ५२०-५२५, पिवळा ५९०, लाल ६२५ किंवा ६६०, अवरक्त ८५० किंवा ९४०), एक बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (प्रकाश पडला की प्रवाह देणारा भाग), १००, १५० आणि १८० ओहमचे रेझिस्टर, १० किलोओहम आणि १०० किलोओहमचा एकेक, साधा डिजिटल मल्टिमीटर, मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर, काळी इन्सुलेशन टेप आणि स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल. अवरक्त एलईडी विकत घ्यायची गरज नाही, बिघडलेल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये ९४० चा असतो.

गणेश चवथीला माटोळीभोवती (मूर्तीवर टांगलेल्या फळापानांच्या छताभोवती) किंवा दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावतात तो रंगीत जिलेटिन कागद टॉर्चवर गुंडाळून काम होईल असं वाटतं. होत नाही. निळा जिलेटिन कागद पूर्ण निळा नसतो. त्यातून थोडा लाल झिरपतो, आणि बोट नेमका तेवढाच लाल पलीकडे सोडतं. मग "निळा प्रकाश बोटातून लाल होऊन बाहेर येतो" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रकाश कातडीत रंग बदलत नाही, गाळला जातो. म्हणून एलईडीच घ्या.

एलईडीची गोल टोकं कमी-जास्त कोनाची असतात, कुणाचा झोत अरुंद तर कुणाचा पसरट. बारीक पॉलिश पेपरवर टोक घासून सपाट आणि खरखरीत करा, सगळ्यांचा झोत सारखा पसरेल. चिमट्याच्या एका पात्याला ५ मिलिमीटरचं भोक पाडून एलईडी बसवा, समोरच्या पात्यावर बरोबर त्याच्यासमोर फोटोडायोड. प्रत्येक रंगाचा चिमटा वेगळा केला तर फोटोडायोड दर वेळी हलवावा लागतो आणि जागा चुकते. त्यापेक्षा एकच चिमटा ठेवून एलईडी बदलता येईल असं भोक घट्ट करा.

रेझिस्टरचा हिशेब सोपा आहे. एलईडीला १८ ते २० मिलिअँपिअर पुरे. ५ व्होल्टवर लाल आणि पिवळ्याला १५० ओहम, हिरव्या-निळ्याला १०० ओहम (त्यांना स्वतःलाच सुमारे ३.२ व्होल्ट लागतात), अवरक्ताला १८० ओहम. वीज गेल्यावर पॉवर बँक जोडू नका. एवढा कमी प्रवाह पाहून बहुतेक पॉवर बँका थोड्याच वेळात आपोआप बंद होतात आणि माप मध्येच शून्य होतं. त्यापेक्षा १.५ व्होल्टचे तीन सेल बरे. पण मग सगळी मापं सेलवरच घ्या, अर्धी चार्जरवर आणि अर्धी सेलवर नको.

चिमट्याची स्प्रिंग सैल करा. हे काम बारीक वाटतं, पण सगळ्यांत जास्त प्रयोग इथेच बिघडतात. ताठ स्प्रिंग बोटातलं रक्त पिळून काढते. नखावर बोटाने दाबून सोडा: पांढरं पडतं आणि एक-दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. चिमटा घट्ट असेल तर बोट त्या पांढऱ्या अवस्थेतच राहतं, अडवणारं रक्त बाजूला होतं आणि हिरव्याचा आकडा खोटा मोठा येतो. चिमटा दोन मिनिटं लावून काढल्यावर बोटावर ठसा उमटत असेल तर स्प्रिंग अजून सैल हवी. पात्यांना आतून मऊ फोमची पट्टी लावा, मध्ये भोकापुरती जागा मोकळी ठेवून.

माप घेण्याची पद्धत

फोटोडायोडच्या दोन तारांमध्ये रेझिस्टर जोडा आणि त्याच दोन टोकांना मल्टिमीटर, २०० मिलिव्होल्टच्या खुणेवर. प्रकाश पडला की प्रवाह सुरू होतो आणि रेझिस्टरवर तेवढा व्होल्टेज दिसतो. वाचन १०० मिलिव्होल्टच्या खालीच ठेवायचं. त्यावर गेलं की डायोड स्वतःच प्रवाह गिळू लागतो, प्रकाश दुप्पट झाला तरी आकडा दुप्पट होत नाही. बोटाशिवाय उजेड प्रचंड असतो, तिथे १०० ओहम लावा. बोट घातल्यावर १०० किलोओहम. मधल्यासाठी १० किलोओहम.

क्रम असा. एलईडी लावून दोन मिनिटं थांबा, तापेपर्यंत तो थोडा मंद होत जातो. बोटाच्या जाडीइतका, साधारण १२ मिलिमीटरचा लाकडी ठोकळा पात्यांच्या कडेला ठेवून चिमटा तेवढाच उघडा ठेवा आणि बोटाशिवाय वाचन घ्या. मग ठोकळा काढून बोट घाला, वरून फॉइल आणि फॉइलवर कापड गुंडाळा, अर्धा मिनिट हात स्थिर ठेवा आणि वाचन घ्या. शेवटी एलईडी बंद करून पुन्हा वाचन घ्या. हे काळोखाचं वाचन वजा करायचं असतं.

व्होल्टला ओहमने भागलं की प्रवाह मिळतो. समजा लालचं बोटाशिवाय वाचन १०० ओहमवर ८० मिलिव्होल्ट आलं, म्हणजे ८०० मायक्रोअँपिअर. बोटासह १०० किलोओहमवर ६० मिलिव्होल्ट, म्हणजे ०.६ मायक्रोअँपिअर. ८०० ला ०.६ ने भागलं की १,३३३. इतक्या पटींनी प्रकाश कमी झाला. प्रत्येक रंगाची ही "पट" काढायची आणि पटींचीच तुलना करायची. थेट मिलिव्होल्टची तुलना कधीही करू नका. फोटोडायोडला अवरक्त जास्त दिसतं आणि निळं कमी, शिवाय प्रत्येक एलईडी वेगळ्या तेजाचा असतो. पट काढली की हे दोन्ही दोष आपोआप कटतात. स्वस्त मल्टिमीटर स्वतःही थोडा प्रवाह खातो. बोटासह सगळ्या रंगांना तोच रेझिस्टर लावला असेल तर तो दोष सगळ्यांना सारखाच लागतो आणि तुलनेत बाधा येत नाही.

डोळ्याने अंदाज बांधू नका. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा पोपटी-हिरवा सर्वांत तेजस्वी दिसतो. ६६० चा लाल तेवढ्याच शक्तीचा असला तरी त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच वाटतो, आणि ९४० दिसतच नाही.

बोटात निळा आणि हिरवा लावल्यावर मीटर बहुधा ० दाखवील. जोडणी बिघडली म्हणून सगळं सोडवत बसू नका. बोटाच्या जाडीतून ते मीटरला दिसण्याइतके येतच नाहीत, आणि वहीत "मोजण्यापलीकडे" असं लिहिणं हेच बरोबर. आकडा हवा असेल तर पातळ जागा गाठा: कानाची पाळी, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली पडद्यासारखी कातडी. तिथे ठोकळाही त्याच जाडीचा घ्या.

पिवळा लावाल तेव्हा मीटरकडे बघण्याआधी बोटाकडे बघा. आत जाताना पिवळा असलेला उजेड बाहेर तांबूस दिसतो. ५९० चा एलईडी नेमका ५९० च देत नाही, थोडा अलीकडे, थोडा पलीकडे पसरलेला असतो. कड्याच्या अलीकडचा भाग रक्तात मुरतो, ६०० च्या पलीकडची शेपटी निसटून बाहेर येते. मघाची भिंत ती हीच, नुसत्या डोळ्याला दिसणारी.

बिघडतं कुठे

निळ्याची पट लालच्या जवळपास आली तर प्रकाश बोटातून नव्हे, बोटाच्या कडेने जातो आहे. तपासायला बोटाच्या जाडीची काठी घ्या, तिला फॉइल आणि वर काळी टेप गुंडाळा, आणि बोटाच्या जागी घाला. वाचन काळोखाइतकं यायला हवं. जास्त आलं तर फोमची भोकं मोठी झाली आहेत किंवा पाती तिरकी बसली आहेत.

काळं कापड टाकलं म्हणजे काळोख झाला असं समजू नका. पुष्कळ काळी सिंथेटिक कापडं अवरक्ताला चक्क पारदर्शक असतात, आणि खिडकीतल्या उन्हात अवरक्त भरपूर असतं. म्हणूनच वर फॉइल सांगितली. एप्रिल-मेच्या दुपारी खिडकीशेजारी मापं घेण्यापेक्षा संध्याकाळी दिवा घालवून घ्या.

पावसाळ्यात बोटं घामट असतात. घामाचा किंवा तेलाचा पापुद्रा कातडीचा खडबडीतपणा भरून काढतो, पृष्ठभागावर उडणारा प्रकाश कमी होतो आणि जास्त आत शिरतो. प्रत्येक वेळी बोट पुसून कोरडं करा. हा परिणाम मुद्दाम पाहायचा असेल तर कोरड्या बोटाचं वाचन घेऊन मग खोबरेल तेलाचा एक थेंब लावून घ्या. खाऱ्या दमट हवेत जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. वाचन उगाच नाचायला लागलं तर आधी तारांची टोकं घासा.

नखं कोरी हवीत. निळी, काळी, हिरवी नेलपॉलिश लालला अडवते. मेंदी निळ्याला अडवते, लालला फारसं नाही.

वाचनाचा शेवटचा अंक हलत राहतो, तो बराचसा नाडीचा. अर्धा मिनिट पाहून मधला आकडा लिहा. हात खाली लोंबता असेल तर बोटात रक्त साचतं आणि वाचन घटतं, डोक्यावर धरला तर वाढतं. म्हणून हात नेहमी छातीच्या उंचीवर, टेबलावर. बोटाच्या मुळाशी रबरबँड २० सेकंद गुंडाळून लालचं वाचन पाहिलं तर ते खाली येताना दिसतं. काही अंशी रक्त साचल्याने, आणि काही अंशी प्राणवायू संपत आलेलं हिमोग्लोबिन ६६० च्या लालला दहापट जास्त शोषतं म्हणून. अर्ध्या मिनिटाच्या वर रबर ठेवू नका, आणि मधुमेह किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असलेल्यांवर हे करूच नका.

मीटर नसेल तर

मनगटाच्या आतल्या बाजूच्या शिरा पाहा. पांढऱ्या उजेडात त्या निळसर-हिरवट दिसतात, रक्त मात्र काळपट लाल असतं. काळोख करून लाल एलईडी जवळ धरा: शिरा गडद रेघांसारख्या उठून दिसतात, कारण लाल शिरेपर्यंत पोचतो आणि तिथे काही मुरतो. आता निळा धरा: खोलवरच्या शिरा पुसल्यासारख्या होतात. निळा तिथवर पोचतच नाही, वरच्या वरच परत फिरतो. उलट कातडीवरचे वांग आणि तीळ निळ्यात गडद होतात, कारण ते मेलॅनिनचे आणि मेलॅनिन वरच्या थरात. पांढऱ्या उजेडात शिरेवरून लाल कमी परततो, निळा मात्र शिरेवरून आणि शेजारच्या कातडीवरून जवळपास सारखाच. उरलेल्या मिश्रणाला डोळा निळसर म्हणतो.

सावळ्या आणि गोऱ्या हातांवर दोन्ही रंग लावून तुलना करा. निळ्यात फरक मोठा, लालमध्ये कमी. तळहातावर मेलॅनिन सगळ्यांचंच थोडं, त्यामुळे तिथे फरक जवळजवळ मिटतो.

हे ज्ञान कुठे लागतं, आणि कुठे लावू नये

नाडी मोजणारी घड्याळं मनगटाला हिरवा दिवा लावतात, तो याच हिशेबाने. हिरवा फार खोल जात नाही, पण वरच्या केशवाहिन्यांतल्या रक्तात जोरात शोषला जातो, म्हणून ठोक्यागणिक होणारा बदल ठळक मिळतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला मात्र आरपार जायचं असतं, तो ६६० आणि ९४० वापरतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ही युक्ती मांडली. मेलॅनिनचा हिशेब तिथेही पूर्ण सुटलेला नाही. काळ्या कातडीच्या रुग्णांत ऑक्सिमीटर प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता अधिक असते, हे २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

नवजात बाळाच्या काविळीला ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा दिवा देतात. निळा उथळ जातो हे इथे अडचणीचं नाही, कारण बिलिरुबिन (काविळीत कातडी पिवळी करणारं द्रव्य) कातडीतच आणि तिथल्या बारीक वाहिन्यांत असतं, आणि ते नेमका निळाच शोषतं. पण यावरून घरी निळा बल्ब लावणं किंवा कोवळ्या उन्हात बाळाला ठेवून वाट बघणं धोक्याचं आहे. लागणारी तीव्रता, वेळ आणि रक्ताची तपासणी यांतलं काहीच घरी सांभाळता येत नाही. बाळ पिवळं दिसलं की त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या.

बाजारात लाल दिव्यांचे मुखवटे "खोलवर काम करतो" म्हणून विकले जातात. लाल खोल जातो हे आपण मोजलं. खोल गेला म्हणजे तिथे उपचार झाला, हे मात्र या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

प्रयोगात लेझर वापरायचा नाही, कितीही छोटा असो. अतिनील टॉर्चही नको. नोटा तपासायला मिळतो तो आणि नखांच्या जेलचा, दोन्ही या यादीत येतात. १ वॅट किंवा त्याहून मोठे एलईडी बोटाला चिकटवू नका, प्रकाशाने नाही तरी उष्णतेने भाजतं. अवरक्त एलईडी डोळ्यासमोर धरायचा नाही. तो दिसत नसल्याने पापणी मिटत नाही. तो चालू आहे का हे मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा, बहुतेक वेळा जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला अवरक्त अडवणारी काच असते, तिथे दिसला नाही म्हणून एलईडी फेकू नका.

अतिनील घरी मोजायचा नसला तरी त्याचा उथळपणा समजून घ्या. उथळ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. २८० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा जवळजवळ सगळा बाह्यत्वचेतच मुरतो आणि कातडी भाजते ती मुख्यतः त्यानेच. ३१५ ते ४०० चा पट्टा अंतस्त्वचेपर्यंत जातो, ढगांतून येतो आणि खिडकीच्या काचेतूनही बराचसा येतो. गोव्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास भरदुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा किरणांची हवेतली वाट सर्वांत आखूड आणि अतिनील सर्वांत कडक. ऑगस्टमध्ये ढग असतात म्हणून उघड्यावर, होडीवर किंवा शेतात काम करणारे टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा काढून ठेवतात. तो घालूनच राहावा.